महागडे स्पीकर निवडताना: संगीत आणि होम थिएटरसाठी तुलना नेमकी कशी करावी

दोन उंची स्पीकर्समध्ये सरस कोणता, हे ठरवताना पुष्कळदा भलत्याच गोष्टींची तुलना होते. कोणता अर्धा-एक डेसिबल जोरात वाजत होता, कोणता भिंतीपासून बऱ्या अंतरावर ठेवला होता, कोणाची पॉलिश अधिक देखणी होती, यांवरच निकाल लागतो. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा उघड आणि एकदा पडद्याआड ऐकवले. गुण बदलले. उघड्या डोळ्यांनी ऐकताना नाव, आकार आणि किंमत यांचं पारडं इतकं जड झालं की स्पीकरची जागा बदलल्यामुळे आवाजात पडलेला फरकही श्रोत्यांच्या गुणांत नीट उमटला नाही. अनुभवी श्रोतेही याला अपवाद नव्हते.

म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती फिरते. स्पीकरचा स्वतःचा आवाज, खोलीने त्यात घातलेली भर आणि आपल्या कानांची फसगत, ही तीन खाती वेगळी ठेवायची.

आधी खोली मोजा

लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये लिहून घ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागलं की त्या दिशेची पहिली अनुनाद-वारंवारता मिळते. ५ × ४ × ३ मीटरच्या खोलीत त्या ३४, ४३ आणि ५७ हर्ट्झ येतात. या सुरांवर बास फुगतो. शिवाय याच अनुनादांमुळे खोलीच्या बरोबर मध्यावर काही सूर जवळपास नाहीसे होतात, त्यामुळे बसायची जागा कधीही अगदी मध्यात ठेवू नये.

दुसरा आकडा संक्रमण-वारंवारतेचा. आवाज विरायला लागणारा वेळ भागिले खोलीचं घनफळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. साधारण सामान असलेल्या ६० घनमीटर खोलीत विरण्याचा वेळ ०.४ सेकंद धरला तर उत्तर सुमारे १६० हर्ट्झ. याच्या खाली तुम्हाला जे ऐकू येतं त्यावर स्पीकरपेक्षा खोलीची सत्ता अधिक चालते. त्याच्या बऱ्याच वर, म्हणजे ४००-५०० हर्ट्झच्या पुढे, स्पीकरची जात दिसू लागते. मधला पट्टा दोघांचा.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या खोलीत ऐकलेल्या बासवरून स्पीकर निवडू नका. तिथे मध्यम आणि वरच्या सुरांची पारख करा, बासचा निर्णय स्वतःच्या खोलीत घ्या.

माहितीपत्रकातले आकडे

'२८ हर्ट्झ ते ३५ किलोहर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. त्यापुढे ±३ डेसिबल आहे की −६ की −१०, ते पाहा. −१० वर २८ हर्ट्झ देणारा स्पीकर ±३ च्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या आसपासच थांबलेला असू शकतो.

संवेदनशीलता, म्हणजे ठराविक व्होल्टवर स्पीकर किती डेसिबल देतो तो आकडा, २.८३ व्होल्ट आणि १ मीटरवर देतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमला तेच २ वॉट होतात. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरचा ९० हा आकडा वॉटच्या हिशेबाने ८७ आहे. दोन स्पीकर शेजारी मांडताना ही ३ डेसिबलची दुरुस्ती न विसरता करा.

इम्पिडन्समध्ये, म्हणजे स्पीकरच्या वारंवारतेप्रमाणे बदलणाऱ्या रोधात, नाममात्र आकड्यापेक्षा किमान आकडा महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय प्रमाणकाप्रमाणे किमान मूल्य नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे '८ ओहम' असेल तर ६.४ च्या खाली नाही. प्रत्यक्षात ३ ओहमपर्यंत घसरणाऱ्या स्पीकरवरही ८ ओहमची पट्टी दिसते. हा खड्डा १०० हर्ट्झच्या आसपास असेल आणि तिथेच फेजचा (व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांच्यातल्या मागेपुढेपणाचा) कोन −४५ अंशांकडे झुकत असेल, तर साधा रिसीव्हर तापेल आणि जोराच्या प्रसंगी त्याचं संरक्षण-सर्किट आवाज बंद करेल. असा स्पीकर वाईट नसतो, त्याला ४ ओहमवर निवांत चालणारा ॲम्प्लिफायर लागतो एवढंच.

केबलचा प्रश्न दोन ओळींत सुटतो. जाऊन-येऊन होणारा रोध स्पीकरच्या किमान इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. ५ मीटर अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सुमारे ०.०७ ओहम देते. ३.२ ओहमपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरलाही ती पुरून उरते.

मोजमापांचा आलेख कसा वाचावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सीटीए-२०३४ या प्रमाणकानुसार स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, अशी एकूण ७० मोजमापं घेऊन काही रेषांचा एक आलेख काढतात. जाणकार त्याला 'स्पिनोरामा' म्हणतात. स्वतंत्र परीक्षक असे आलेख प्रसिद्ध करतात, काही उत्पादक स्वतःही देतात. त्यात क्रमाने हे पाहा.

सरळ समोरची रेषा आणि श्रवण-खिडकीची (समोरच्या आसपासच्या कोनांच्या सरासरीची) रेषा १०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत ±१.५ डेसिबलच्या आत हवी. आलेखाची उभी पट्टी तपासा. १०० डेसिबलची पट्टी वापरली की ओबडधोबड रेषाही गुळगुळीत दिसते, ५० ची पट्टी प्रामाणिक.

मग भिंती, छत आणि जमिनीवरून येणाऱ्या पहिल्या परावर्तनांची रेषा. ती सपाट नसते, उजवीकडे हळूहळू उतरते. उतार सलग असावा. २ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान तिथे कुबड दिसलं तर समोरची रेषा कितीही सरळ असली तरी स्पीकर खोलीत चढा आणि थकवणारा वाटणार. कारण असं: १६५ मिलिमीटरच्या वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरचा) हलणारा भाग सुमारे १३० मिलिमीटरचा असतो. तरंगलांबी तेवढी होते तेव्हा वारंवारता २६०० हर्ट्झ असते, आणि तिथे पोचेपर्यंत वूफरचा आवाज अरुंद झोतासारखा समोर जाऊ लागतो. तिथूनच वरच्या सुरांचा २५ मिलिमीटरचा ट्विटर काम हातात घेतो आणि तो त्या सुरांवर सगळीकडे पसरतो. समोर दोघांची बेरीज बरोबर जुळते, बाजूला मात्र ट्विटरचा आवाज जास्त जातो आणि भिंतीवरून परत येतो. ट्विटरभोवतीची उथळ वाटी, म्हणजे वेव्हगाइड, किंवा मधल्या सुरांचा वेगळा मिडरेंज ड्रायव्हर हाच दोष काढायला दिलेला असतो.

समोरचा दोष इक्वलायझरने सुधारता येतो, पसरणीचा दोष येत नाही, कारण इक्वलायझर समोरचं आणि बाजूचं दोन्ही एकाच वेळी हलवतो. दिशादर्शकतेची (समोरचा आवाज बाजूच्यापेक्षा किती जास्त ते दाखवणारी) रेषा सरळ चढणारी असेल आणि समोरची थोडी वाकडी असेल, तर तो स्पीकर उलट परिस्थितीतल्या स्पीकरपेक्षा चांगली खरेदी आहे.

एखादी बारीक चढण सर्वच रेषांवर त्याच जागी दिसत असेल तर तो अनुनाद आहे: पेटीचा, कोनचा (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याचा) किंवा पोर्टचा (पेटीच्या हवेच्या भोकाचा). फक्त समोरच्या रेषेवर असलेला छोटा खड्डा बहुधा पेटीच्या कडेवरून येणाऱ्या तरंगाचा असतो, तो फारसा जाणवत नाही.

रचनेप्रमाणे अपेक्षा

कोन-ट्विटरचे फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, बहुतेक खोल्यांत जमून जातात. समकेंद्री ड्रायव्हर (ट्विटर वूफरच्या मध्यभागी बसवलेला), उदाहरणार्थ केईएफचा १९८८ पासूनचा युनि-क्यू, उभ्या दिशेत फार एकसारखा वागतो, त्यामुळे जवळून ऐकणाऱ्यांना आणि सेंटर (थिएटरचा समोरचा मधला स्पीकर) म्हणून तो विशेष उपयोगी. हॉर्न थोड्या वॉटमध्ये मोठी पातळी गाठतात आणि थिएटरला शोभतात. १९४६ पासून बनणाऱ्या क्लिपशहॉर्नला मात्र खरे कोपरे लागतात, कोपरा नसेल तर तो विचार सोडा.

पॅनेल स्पीकर, म्हणजे १९५७ च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकचा वंश किंवा मॅग्नेपॅन, पुढे आणि मागे सारखेच वाजतात आणि बाजूला जवळजवळ गप्प असतात. आवाजात मोकळेपणा अप्रतिम. पण मागे किमान १ मीटर जागा हवी, बसायची जागा ठरलेली हवी आणि खालचा बास सबवूफरकडे, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे, द्यावा लागतो. थिएटरच्या स्फोटांसाठी हा प्रकार आम्ही सुचवणार नाही.

किती ताकद लागेल

थिएटरच्या संदर्भ-पातळीवर प्रत्येक मुख्य चॅनेलचं शिखर १०५ डेसिबल असतं, खास बासच्या चॅनेलचं ११५. साध्या खोलीत ३ मीटरवर येईपर्यंत सुमारे ७ डेसिबल कमी होतात. ८६ डेसिबलचा स्पीकर १ वॉटवर आपल्या खुर्चीत ७९ देतो. १०५ साठी आणखी २६ डेसिबल, म्हणजे ४०० वॉट. ८९ च्या स्पीकरला २०० वॉट, ९५ च्या स्पीकरला ५० वॉट पुरतात. घरी बरेच जण संदर्भाच्या १० डेसिबल खाली ऐकतात. तसं असेल तर सगळे आकडे दहाने भागा.

वॉट उपलब्ध असले तरी स्पीकर ते पचवेल असं नाही. व्हॉइस कॉइल १०० अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे ४० टक्के वाढतो आणि पातळी ३ डेसिबलपर्यंत खाली येऊ शकते. हे तपासता येतं. १ मीटरवर ७६ डेसिबलला स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकणारा चाचणी-सूर) मोजा, मग ८६ ला, मग ९६ ला. तिन्ही रेषा एकमेकींपासून सगळीकडे १० डेसिबलने वेगळ्या असायला हव्यात. जिथे अंतर कमी पडतं तिथे स्पीकर दमला. स्वीप छोटे ठेवा आणि मध्ये थांबा, ट्विटर सलग सुरांना नाजूक असतो.

प्रत्यक्ष ऐकण्याची तुलना

साहित्य: कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मापन-माइक, 'रूम इक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर, मोजपट्टी, जमिनीवर खुणा करायला चिकटपट्टी, आवाज अडवणार नाही असं पातळ स्पीकर-कापड आणि एक मदतनीस.

१. एकाच स्पीकरपासून सुरुवात करा, मोनोमध्ये. एकच स्पीकर वाजत असताना रंगाचे दोष जास्त स्पष्ट कळतात. जोडीने ऐकलं की स्टिरिओचा विस्तार ते झाकतो.

२. दोन्ही स्पीकर आळीपाळीने अगदी त्याच खुणेवर ठेवा. शेजारी-शेजारी ठेवून ऐकलं तर तुम्ही दोन जागा ऐकता. ट्विटर कानाच्या उंचीवर, साधारण ९० ते १०० सेंटिमीटर. स्पीकरमागची भिंत ८० सेंटिमीटरवर असेल तर मागून परतणारा आवाज १०७ हर्ट्झला खड्डा पाडतो. जागा बदलली की हा खड्डाही सरकतो, म्हणून खूण पाळणं अत्यावश्यक आहे.

३. पातळी जुळवा. पिंक नॉइजचा (सगळे सूर एकत्र असलेल्या खळखळत्या चाचणी-आवाजाचा) ५०० ते २००० हर्ट्झचा पट्टा वाजवून माइक बसायच्या जागी ठेवा, ७५ डेसिबल करा आणि दोघांमधला फरक ०.५ च्या आत आणा. पूर्ण पट्ट्याने जुळवू नका, नाहीतर बासचा फरक पातळीचा फरक म्हणून मोजला जाईल. फरक ॲम्पच्या आधी, व्हॉल्यूमने किंवा डिजिटल पातळीने काढा. स्पीकरच्या तारेत रेझिस्टर घालणं चूक आहे, कारण इम्पिडन्स वारंवारतेप्रमाणे बदलत असल्यामुळे स्पीकरचा प्रतिसादच बदलतो. एवढी काळजी घ्यायची कारण कान किंचित जोराचा आवाज 'अधिक जोरात' म्हणून ओळखत नाही, तो त्याला अधिक भरीव आणि स्वच्छ समजतो.

४. स्विच-बॉक्स वापरत असाल तर प्लस आणि मायनस दोन्ही बाजू तोडणाराच घ्या. ब्रिज केलेल्या आणि बऱ्याच क्लास-डी ॲम्पमध्ये मायनस जमिनीला जोडलेला नसतो, दोन मायनस एकत्र केले तर ॲम्प जळू शकतो.

५. कापड लावा. क्रम मदतनीसाने नाणं उडवून ठरवावा आणि सांगू नये. एकच १५ ते २० सेकंदांचा तुकडा, एकानंतर लगेच दुसऱ्यावर. स्वररंगाची आठवण काही सेकंदांतच पुसट होते, म्हणून स्पीकर हलवायला पाच मिनिटं लागत असतील तर प्रत्येक फेरीनंतर लगेच लिहून काढा. कोणता कोणता ते शेवटच्या फेरीनंतरच विचारा.

फरक खरंच ऐकू येतोय का अशी शंका असेल, तर 'हा पहिला की दुसरा' असं १६ वेळा ओळखून पाहा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

काय ऐकवावं

पिंक नॉइज कंटाळवाणा, पण दोष दाखवण्यात त्याचा हात धरणारं संगीत नाही. स्पीकर बदलल्यावर तो नाकातला, पोकळ किंवा शिट्टीसारखा वाटला तर तिथे अनुनाद आहे.

त्यानंतर तंबोरा. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. चांगल्या स्पीकरवर ही उलगड सलग असते. २ ते ४ किलोहर्ट्झला कुबड असेल तर त्यातले काही स्वर बाहेर डोकावतात आणि झंकार धातूच्या पत्र्यासारखा लागतो. ट्विटर कमी पडत असेल तर तंबोरा नुसता गुणगुणतो, जवारी हरवते.

तबला दोन कामं करतो. दायाँवरचा 'ना' आघाताची धार दाखवतो. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड खालच्या सुरांत सरकते, ती सरकताना आवाज एकसारखा राहतो की मध्येच एका सुरावर फुगतो, ते ऐका. फुगला तर दोष बहुधा खोलीचा. पडताळा सोपा आहे: खुर्ची अर्धा मीटर पुढे घ्या, फुगवटा बदलला तर खोली, तसाच राहिला तर स्पीकर.

स्त्रीचा एकल आवाज, पियानो आणि दाट वाद्यवृंद एवढं घेतलं की पुरे. जे रेकॉर्डिंग तुम्हाला तोंडपाठ आहे तेच घ्या, प्रात्यक्षिकासाठी बनवलेले चमकदार तुकडे कुठल्याही स्पीकरवर छान वाजतात.

मग जोडीने

मोनोत पसंत पडलेले स्पीकर आता दोन्ही लावा. दोघांतलं अंतर आणि खुर्चीपर्यंतचं अंतर सारखं, म्हणजे ६० अंशांचा त्रिकोण. स्पीकर आत किती वळवायचे ते त्या-त्या स्पीकरप्रमाणे बदलतं. रुंद पसरणीचा थोडा कमी वळवला तर चालतो, अरुंद पसरणीचा थेट खुर्चीकडे पाहू द्या.

मोनो पिंक नॉइज दोन्हीकडे द्या. तो बरोबर मध्ये, लहान जागेत उभा राहिला पाहिजे. पसरट, डोक्याभोवती फिरणारा आणि बास गेलेला वाटला तर एका स्पीकरची तार उलटी लागली आहे. नेहमी एकाच बाजूला सरकत असेल तर अंतर, पातळी किंवा बाजूच्या भिंतीतला फरक (एकीकडे काच, दुसरीकडे पडदा) शोधा.

थिएटरसाठी वेगळं काय पाहायचं

संगीतात डावा-उजवा महत्त्वाचा, चित्रपटात सेंटर. संवादांचा बहुतेक भार तोच वाहतो, आणि उंची संचांतही तडजोड नेमकी तिथेच झालेली दिसते. आडव्या सेंटरमध्ये मध्ये ट्विटर आणि दोन्ही बाजूंना दोन वूफर, दोघेही मध्यम सूर वाजवणारे, ही रचना तपासून घ्या. वूफरची केंद्रं ३० सेंटिमीटर दूर असतील आणि तुम्ही मध्यापासून ३० अंश बाजूला बसला असाल, तर दोघांच्या आवाजात १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. ११४० हर्ट्झच्या अर्ध्या तरंगलांबीएवढाच तो, म्हणून तिथे दोघे एकमेकांना खोडतात. म्हणजे कडेच्या खुर्चीतल्या माणसाला संवाद गुळमुळीत ऐकू येणार, आणि आवाज वाढवून ते सुटणार नाही. ट्विटरच्या खाली किंवा वर वेगळा मिडरेंज असलेला तीन-मार्गी सेंटर, समकेंद्री सेंटर, किंवा पुढच्या दोघांसारखाच तिसरा उभा स्पीकर, यांपैकी काहीतरी घ्या. चाचणी: सेंटरवर पिंक नॉइज लावून एका खुर्चीपासून दुसरीपर्यंत सरका, रंग बदलता कामा नये.

सराउंड, म्हणजे बाजूचे स्पीकर, समोरच्या मध्यापासून साधारण ११० अंशांवर, खुर्चीच्या किंचित मागे. त्यांवर फार खर्च करण्यापेक्षा ते पुढच्यांशी स्वररंगात जुळणं महत्त्वाचं.

८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचे सूर सबवूफरकडे वळवणारी विभागणी) सगळ्या स्पीकर्सना लावा, मोठ्या फ्लोअरस्टँडरनाही. त्याखाली दिशा कळत नाही आणि मुख्य वूफर मोकळे होतात. याचा परिणाम खरेदीवर होतो: थिएटर आणि संगीत दोन्ही सबवूफरसह ऐकणार असाल, तर २५ हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या मुख्य स्पीकरला जास्त पैसे देण्याचं कारण उरत नाही. तेच पैसे चांगल्या स्टँडमाउंट (स्टँडवर ठेवायच्या लहान) स्पीकरवर आणि दोन सबवूफरवर लावा. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर त्या दिशेचा पहिला अनुनाद खोडतात आणि सगळ्या खुर्च्यांत बास सारखा पोचवतात, जे एका मोठ्या सबवूफरला जमत नाही.

सबवूफर आणि मुख्य स्पीकर जुळवायला सबची पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) उलटी करा, ८० हर्ट्झच्या आसपास सर्वांत खोल खड्डा येईपर्यंत डिले (आवाजाचा विलंब) हलवा, मग पोलॅरिटी परत सरळ करा. बेरीज आपोआप भरीव होते.

रूम करेक्शन, म्हणजे खोली मोजून आवाज आपोआप सुधारणारी सोय, ३०० हर्ट्झपर्यंतच चालू द्या. फुगवटे खाली आणा, खड्डे भरायला जाऊ नका. ६ डेसिबल वाढवायला चौपट वॉट जातात आणि खड्डा बहुधा तसाच राहतो. वरच्या भागात खुर्चीत मोजलेली रेषा सपाट करण्याचा मोह टाळा, चांगला स्पीकर खोलीत मोजला की वरच्या सुरांकडे उतरताच दिसतो. ती रेषा जबरदस्तीने सपाट केली की 'स' आणि 'श' बोचू लागतात.

सुरुवातीची तुलना करेक्शन बंद ठेवूनच करावी. अंतिम दोन स्पीकर उरले की ते परतीच्या मुदतीवर घरी आणा, दोघांना बासची तीच दुरुस्ती आणि तोच ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर द्या, कापड पुन्हा लावा आणि पातळी पुन्हा मोजा. पहिल्या काही दिवसांत 'स्पीकर खुलला' असं वाटलं तर स्वीप पुन्हा घेऊन पहिल्या दिवसाच्या रेषेवर ठेवा. दोन्ही जुळत असतील तर कान सरावले आहेत, आणि मुदत संपायच्या आत निर्णय त्या रेषा आणि पडद्याआडचे गुण पाहून घ्यावा.